एकदाच पेटलेली शेगडी

आकडा पडद्यावर आला तेव्हा मी उजव्या पायाच्या अंगठ्याने डावी पोटरी खाजवत होते, आणि तशीच एका पायावर उभी राहिले. साखरेचा डोंगर दिसायला हवा होता तिथे टेकाड होतं. आमचं यंत्र द्रावणातली साखर मोजतं आणि तिची रेघ काढतं. साखर भरपूर असेल तर रेघ उंच चढते, नसेल तर बसकण मारते. गेल्या खेपेला हीच रेघ इतकी वर गेली होती की आमच्या प्रयोगशाळेच्या सरांनी शेजारच्या खोल्यांतल्या लोकांना बोलावून ती दाखवली होती. आज ती जेमतेम निम्मी होती. मी आधी यंत्राला दोष देऊन पाहिला, कारण यंत्र उलट बोलत नाही. मापून घेतलेली साखर त्याच्यात घातली. त्याने ती बिनचूक मोजून दाखवली. मग मी पाय खाली ठेवला. भीती आली ती त्यानंतर, जरा सावकाश, जिन्यावरून कोणी वर येत असल्याचं आधी ऐकू यावं आणि मग माणूस दिसावा तशी.

लाकडात साखर असते हे सांगितलं की लोक हसतात. माझा मोठा भाऊ, दादा, गेली कित्येक वर्षं मला एकच प्रश्न विचारतो, "मग काय गं, चहात खुर्चीचा पाय बुडवू का?" बुडवून उपयोग नाही, कारण ती साखर धाग्यांमध्ये घट्ट विणलेली असते आणि त्या धाग्यांवर लिग्निन नावाचा चिवट गिलावा असतो. धागे कातरून त्यांची साखर करणारी एन्झाइमं आम्ही बुरशीकडून घेतो. पण ती बिचारी त्या गिलाव्यावर डोकं आपटत बसतात, त्यांना आत शिरायला वाट नसते. म्हणून आधी लाकूड उघडावं लागतं. हलक्या आम्लात भिजवलेल्या ढलप्या जाड पोलादी भांड्यात कोंडायच्या, वाफ सोडायची, दाब चढू द्यायचा आणि मग झडप एकदम उघडायची. मोठा आवाज होतो, आणि पलीकडे तपकिरी लगदा येऊन पडतो. त्याला जळक्या साखरेचा आणि व्हिनेगरचा वास असतो. तो वास माझ्या केसांना, पर्सला, रुमालांना कायमचा लागलेला आहे. किती आम्ल, किती वाफ, किती वेळ, याचा मेळ जमवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. अखेर एक मेळ असा जमला की एन्झाइमांनी जवळजवळ सगळ्या लगद्याची साखर करून टाकली. एक कारखाना आमच्या पद्धतीचं मोठं भांडं बांधायला तयार झाला. सरांनी एकच अट घातली होती. "एकदा आलं ते आलं. दुसऱ्यांदा येऊ दे, मग मी सही करतो." कारखान्याची माणसं सोमवारी यायची होती, आणि त्या गुरुवारी दुपारी हे असं दुसऱ्यांदा आलं होतं.

सरांनी रेघ पाहिली. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला वाटलं होतं ते चिडतील, पण ते फार मऊ आवाजात म्हणाले, "पहिलाच आकडा चुकला असेल. होतं असं. मनाला लावून घेऊ नका. सोमवारी आपण त्यांना सरळ सांगून टाकू." त्यांनी आरडाओरडा केला असता तर मी भांडले असते. आजारी माणसाशी बोलतात त्या आवाजापुढे मात्र भांडता येत नाही. मी मान हलवली आणि बाहेर आले. आमच्या लांबोळक्या खोलीत मोजमापाचं काम करणारा मुलगा, ज्याला आम्ही तराजू म्हणतो, डबा उघडून जेवत बसला होता. त्याने माझ्याकडे पाहून अर्धा घास खाली ठेवला. तो औषधांच्या कारखान्यातून आमच्याकडे नुकताच आलेला. चहातली साखरसुद्धा तो चमचा कडेला घासून सपाट करून घेतो. म्हणून त्याचं नाव तराजू. "काही हवंय का मॅडम?" तो म्हणाला. मी नको म्हटलं आणि हात धुवायला गेले, स्वच्छ असलेले हात.

आमच्या घरात 'शेगडी होणं' असा एक शब्दप्रयोग आहे. नवा पंखा पहिल्या दिवशी फिरला आणि दुसऱ्या दिवशी थंड पडला, त्याची शेगडी झाली. चुलतभावाचं लग्न ठरलं आणि आठवड्यात मुलीकडच्यांचा नकार आला, शेगडी झाली. मूळ शेगडी बाबांची. बाबा कचेरीत फायली लावायचे आणि उरलेल्या वेळात पत्रा ठोकायचे. लाकडाच्या वखारीत भुसा वाया जातो, त्यावर स्वयंपाक व्हावा आणि धूर मात्र होऊ नये, अशी त्यांची कल्पना. एका डब्याभोवती दुसरा डबा, मधल्या फटीतून वर चढणारी हवा धुरालाच जाळून टाकणार. आतल्या डब्यात मधोमध काठी उभी करायची, भोवती भुसा ठासायचा, काठी अलगद काढून घ्यायची, की मधे बोगदा राहतो. मग खालून काडी लावायची. मी तेव्हा फ्रॉक घालणारी. एका दुपारी मागच्या गॅलरीत ती पेटली. निळसर ज्योत, धूर नावाला नाही. बाबांनी ज्योतीवर पांढरा रुमाल धरला आणि तो पांढराच राहिला. आईने तिच्यावर चहा केला. बाबांचा कप तसाच गार झाला, कारण ते शेगडीभोवती फेऱ्या घालत होते. पुढच्या रविवारी त्यांनी शेजारपाजार बोलावला, कचेरीतले साहेब बोलावले, पत्र्याच्या वस्तू करणारा एक कारखानदार बोलावला. त्या दिवशी एवढा धूर झाला की वरच्या मजल्यावरून कोणीतरी पाण्याची बादली घेऊन धावत आलं. कारखानदार नाकाला रुमाल लावून जिना उतरला. त्यानंतर बाबांनी भोकं वाढवली, बुजवली, डबा उंच केला, ठेंगणा केला, वर्षानुवर्षं. ती पुन्हा तशी पेटली नाही. शेवटच्या दुखण्यात ते मला विचारायचे, "तू पाहिली होतीस ना गं? निळी होती ना?" मी हो म्हणायचे. पण ती ज्योत मला आठवतेय, की त्यांनी सांगून सांगून ती माझ्या डोळ्यांत ठेवली आहे, हे मला कधी कळलं नाही.

त्या गुरुवारी संध्याकाळी घरी चालत येताना मला भीती वाटत होती ती याची, बाबा होण्याची. नोकरीचं काय, दुसरी मिळते. पण एकदाच घडलेल्या गोष्टीच्या मागे माणूस कसा झिजतो ते मी जवळून पाहिलं होतं. लोक त्याला खोटारडा म्हणत नाहीत. लोक हसतात, आणि पुढे पुढे प्रेमाने हसतात, ते जास्त वाईट. मी खोटं बोलले नव्हते, बाबाही बोलले नव्हते. पण आपल्याला हवं तेच डोळ्यांना दिसलं असेल तर? दुकानाच्या काचेत माझं प्रतिबिंब चालत होतं, पाठीत किंचित वाकून, आणि ती वाकण्याची तऱ्हा माझी नव्हती. तेवढ्यात दादाचा फोन आला. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि या आठवड्यात तो रोज तिच्याकडे जात होता. त्याआधीचा, ऑपरेशनचा आठवडा मी रजा घेऊन तिच्याजवळ काढला होता. रिकाम्या हातांना काहीतरी काम म्हणून त्याने आता आईचा माळा उपसायला घेतला होता. "ती बाबांची शेगडी आहे इथे," तो म्हणाला. "गंजून गेलीय. भंगारात देऊ ना?" माझ्या तोंडून लगेच निघालं, "दे." मी नाही म्हणेन आणि मग मला चिडवता येईल, असं त्याने धरलं असावं. "बरं वाटतंय ना तुला?" त्याने विचारलं. मी गाडीच्या आवाजाचं निमित्त करून फोन ठेवला. रस्त्यावर एकही गाडी नव्हती.

शुक्रवारी सकाळी मी आमच्या थंड खोलीत गेले, कशासाठी ते माझं मलाच माहीत नव्हतं. पाहुणे गेल्यावर माणूस उगाच बैठकीची खोली बघून येतो, तसं. दुसऱ्या खेपेचा लगदा मी रजेवर जाण्याआधी शिजवला होता आणि पिशव्यांत भरून तिथे ठेवला होता. परत आल्यावर त्याच पिशव्यांतून घेऊन एन्झाइमं लावली होती. घेण्याआधी लगद्यात पाणी किती आहे तेही तपासलं होतं. ते जितकं असायला हवं तितकंच, तंतोतंत होतं. आता एक पिशवी हातात घेतली आणि मला जाणवलं की तिच्या खालच्या कोपऱ्यात पाणी साचलंय. मी हातमोजा काढला. काढू नये असा नियम आहे, पण मी काढला आणि चिमूटभर लगदा बोटांत चोळला. आधीचा लगदा कसा असायचा हे माझ्या बोटांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मऊ, गुळगुळीत, दाबला तरी पाणी सोडायचा नाही, सगळं पोटात धरून ठेवायचा. हा रवाळ होता. दाबला तसा पचकन पाणी सोडून मोकळा झाला. पाणी तेवढंच होतं, पण ते लाकडात नव्हतं, लाकडाशेजारी होतं. आणि इतकं तंतोतंत का होतं? पिशवीत आठवडाभर पडलेलं लाकूड इतकं शहाण्यासारखं वागत नाही. हातमोजा न घालताच ती पिशवी घेऊन मी बाहेर आले.

"तू या पिशव्यांचं काय केलंस?" मी तराजूला विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"काही नाही मॅडम. नीट करून ठेवल्या."

"नीट म्हणजे?"

"तुम्ही जाताना म्हणाला होतात ना, बुरशी धरू देऊ नकोस म्हणून. एका पिशवीला जरा वास यायला लागला होता. मग सगळ्याच ओव्हनमध्ये घालून खडखडीत वाळवल्या."

"आणि मग?"

"मग जेवढं पाणी उडालं तेवढं परत घातलं." त्याचा चेहरा उजळला होता. "आधी वजनं करून ठेवली होती मी. थेंबाचा फरक नाही. तुमच्या आकड्यांना धक्का लागायला नको म्हणून."

मी खुर्चीत बसले आणि हसायला लागले. आधी आवाज न करता, मग मोठ्याने, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा पडतो हे मला तोवर माहीत नव्हतं, सगळ्या अंगाला त्याचा आवाज येतो. उघडलेलं लाकूड ओलं असेपर्यंतच उघडं असतं. एकदा वाळलं की त्याच्यातली बारीक बारीक छिद्रं आवळतात, धागे एकमेकांना कायमचे चिकटतात. मग वरून हंडाभर पाणी ओता, ती दारं पुन्हा तशी उघडत नाहीत. आमच्या कामात हे पहिल्या दिवशी सांगतात, इतक्या पहिल्या दिवशी की नंतर कोणाला सांगायचं सुचतच नाही. तराजू जिथून आला तिथे वाळवणं म्हणजे निम्मं पुण्य. मी त्याला समजावून सांगितलं तसा त्याचा रंग उतरत गेला. "म्हणजे मी तुमचं सगळं काम घालवलं," तो म्हणाला. "घालवलंस," मी म्हटलं. "पण कारण दिलंस. तुला नाही कळायचं, कारण मिळणं म्हणजे काय असतं ते." त्याला खरंच कळलं नसावं. तो तसाच उभा राहिला, दोन्ही हात पोटाशी धरून, आणि मला त्याची इतकी माया आली की मी माझ्या डब्यातला अर्धा भाग त्याला काढून दिला.

आमच्या कप्प्यात जागा उरली नाही म्हणून दुसऱ्या खेपेची एक पिशवी मी सरांच्या कप्प्यात ठेवली होती. सरांच्या कप्प्याला हात लावायची तराजूची टाप नव्हती. ती पिशवी तशीच ओली, मऊ, वाट बघत बसलेली होती. त्यातला लगदा आम्ही दोघांनी मिळून पाण्यात घातला, एन्झाइमं सोडली, आणि कोमट पाण्यात हलणाऱ्या जाळीवर बाटल्या ठेवल्या. त्यांना पुरतं काम करायला दोन-तीन दिवस लागतात, पण कल पहिल्याच संध्याकाळी दिसतो. संध्याकाळी रेघ चढली. अजून डोंगर नव्हता, पण चढण ओळखीची होती. सरांना मी काही बोलले नाही. एकदा तोंड पोळलेलं होतं.

त्या संध्याकाळी रस्ता तोच होता, पण सगळं जरा जास्त स्पष्ट दिसत होतं, फळवाल्याचे हात, पाळीव कुत्र्याच्या गळ्यातली दोरी, कोणाच्या तरी खिडकीत वाळत घातलेला एकच मोजा. मी तराजूचं वाक्य मनात घोळवत चालले होते आणि हसत होते. नीट करून ठेवल्या. नीट करून ठेवल्या. आणि चौकातला रस्ता ओलांडताना हे वाक्य एकदम दुसऱ्याच आवाजात ऐकू आलं, बाईच्या. मागची गॅलरी. आई पदर नाकावर बांधून बसलीय, भुवयांवर तपकिरी धूळ, हातात मोठी चाळणी. तिच्या शेजारी मी, लाकडाचे कुरळे काप वेचून बोटांत अंगठ्यांसारखे घालणारी. बाबा आतून विचारतायत, "भुसा कुठाय?" आणि आई, "नीट करून ठेवलाय." मी रस्त्याच्या मधोमध थांबले. कोणीतरी जोरात भोंगा वाजवला. मी मागे वळले आणि माझ्या घराऐवजी आईकडे निघाले.

आई काळा चष्मा लावून अंधारत्या खोलीत रेडिओ ऐकत बसली होती. "कोण, तू? आज कशी?" तिने पावलांवरून ओळखलं. मी चपलाही काढल्या नाहीत.

"आई, बाबांच्या शेगडीचा भुसा कोण चाळायचं?"

"कोण म्हणजे? मीच. घरात दुसरं होतं कोण कामाला?"

"पहिल्या दिवशीही चाळला होतास?"

"पहिल्या दिवशी कुठला! पोतं आलं आणि हे तसेच पेटवायला बसले. धीर होता का त्यांना? पुढे लोक यायचे म्हटल्यावर चाळला. काय कचरा होता गं त्यात, साली काय, ढलप्या काय. मग नेहमीच चाळून द्यायला लागले. ढलप्या मी पाणी तापवायला घ्यायचे. भुर्रकन पेटायच्या."

मी तिच्या पायाशी बसले. सगळं इतकं सोपं होतं. साली आणि ढलप्या होत्या तोवर भुशात फटी होत्या, आणि फटींतून हवा जात होती. चाळलेला बारीक भुसा ठासला की त्याची भिंत होते, ती धुमसत बसते. बाबांनी आयुष्यभर डब्याची भोकं मोजली. आम्ही सगळ्यांनी शेगडीकडे पाहिलं, भुशाकडे कोणी पाहिलं नाही. मी तर पोटापाण्यासाठी लाकडात वाटा करते, आणि माझ्याही मनात कधी आलं नाही, कारण बाबांचं काय ते मनाने कधीच ठरवून टाकलं होतं. आईला सांगावं की नाही, या विचारात मी तिचा गुडघा धरून बसले. ती काय समजायचं ते समजली. ऑपरेशन डोळ्याचं झालं होतं, डोक्याचं नाही.

"चाळायला नको होता," ती म्हणाली.

रेडिओवर हवामान सांगत होते. आईच्या हनुवटीखालचा भाग थरथरायला लागला. मला धसका बसला. पण ती हसत होती. "अगं बाई," ती म्हणाली. "एवढी वर्षं. कळलं असतं तर आठ दिवस बोलले नसते माझ्याशी. आणि नवव्या दिवसापासून रस्त्यावरच्या माणसाला थांबवून सांगत सुटले असते." मग चष्म्याखालून बोट घालून तिने डोळा पुसला. तसं करायला डॉक्टरांनी बंदी केली होती. "मला कधी शंका नव्हती हो. पहिला चहा मीच प्याले ना. पण तुम्हाला सांगून काय उपयोग, तुम्ही दोघं दात काढायचात."

"आई," मी म्हटलं. "मी काल दादाला सांगितलं, शेगडी भंगारात दे म्हणून."

"सांगितलं त्याने मला. भंगारवाला आला होता दुपारी. मी परत पाठवला." तिने रेडिओचा आवाज कमी केला. "डोळे उघडेपर्यंत घरातलं काही हलवायचं नाही म्हटलं."

रविवारी सकाळी मी कामाच्या जागी गेले. तराजू आधीच येऊन बसला होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. रेघ चढत गेली, चढत गेली आणि गेल्या खेपेच्या उंचीला जाऊन टेकली. तराजूने श्वास सोडला तो मला शेजारून ऐकू आला. फोनवर सर "बरं" एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळाने त्यांनी परत फोन करून विचारलं, "खरंच ना?" मी त्यांना सगळं सांगितलं, ओव्हनसकट. ते म्हणाले, "मग वाळवलेल्याचा आकडाही सोमवारी दाखवा. काय करू नये ते त्यांनाही कळलं पाहिजे." तराजूला हे सांगितल्यावर तो पुन्हा पांढरा पडला. मी त्याला सुट्टी देऊन घरी पिटाळलं आणि वखारीतून पिशवीभर भुसा घेतला, साली, ढलप्या, कचरा, सगळ्यांसकट.

दादाने शेगडी गॅलरीत आणून पुसून ठेवली होती. तो एक शब्द चेष्टेचा बोलला नाही, उलट काठी धरायला तोच पुढे झाला. मी भुसा ठासला, बाबा ठासायचे तसा, मुठीच्या कडेने. काठी अलगद वर आली. आई आत खुर्चीत बसली होती, दाराकडे तोंड करून, काळ्या चष्म्यातून काही न बघता. काडी लावली. आधी गंजाचा आणि धुळीचा थोडा धूर आला, आणि दादाने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मग आतून हवा चढल्याचा बारीक आवाज सुरू झाला. धूर विरळ झाला, आणि नाहीसा झाला. बोगद्याच्या तोंडाशी ज्योत आली, आधी पिवळी, मग काठाकाठाने निळी. ती मला आठवत होती. ती माझीच आठवण होती, कोणी आणून ठेवलेली नव्हती. मी खिशातून रुमाल काढला, जळक्या साखरेचा वास लागलेला, आणि ज्योतीवर धरला.

"धूर आहे का गं?" आईने आतून विचारलं.

"नाही," दादा म्हणाला. मी रुमाल उलटसुलट करून पाहत होते.

"मग चहा ठेवा," आई म्हणाली. "आणि त्यांच्याही वाटणीचा कप काढा. या वेळी गार होऊ देऊ नका, कोणीतरी पिऊन टाका."